न्यागुथीची थुंकी

गिथेमाच्या टेकडीवर बाळाचा बाप्तिस्मा असला, की आया आधी चर्चच्या दाराशी थांबत. तिथं न्यागुथी म्हातारी बसलेली असे. बाळाची छाती उघडी करून ती तीवर हलकेच थुंके आणि म्हणे, “हं, ने आता आत. राहिलेलं पाणी पाद्री घालेल.” पाद्री किती आले नि गेले, पण तिला तिथून उठवायची कुणाची छाती झाली नाही.

एके काळी याच थुंकीसाठी ती झुरली होती.

लाल मानेचा टकला गोरा पाद्री नवा आला, तेव्हा न्यागुथी त्याची हुबेहूब नक्कल करायची. मान ताठ, हात पाठीशी. “माझा प्रिय मेंढरू लोक! देव तुम्हाला खातो!” ‘राखतो’ म्हणायचं असे बिचाऱ्याला. पाणवठ्यावर बायका हसून हसून घागरी सांडत. नक्कल नीट साधावी म्हणून ती त्याच्या वर्गात जाऊन बसू लागली, आणि ऐकता ऐकता तिथलीच झाली. बाप्तिस्मा घ्यायचं ठरलं. नवं नाव रूथ.

बाप गाचांजा हबकला. थोरल्या मुलीला बापाच्या आईचं नाव, ही तिथली रीत. म्हणून लेक पाळण्यातली असल्यापासून तो तिला ‘आई’ अशीच हाक मारी.

“रूथ? माझ्या आईला दुसऱ्यांदा पुरतेस का गं? जा! माझी थुंकी तुझ्या अंगावर पडायची नाही.”

त्या डोंगरात थुंकी म्हणजे आशीर्वाद. बापानं थुंकी नाकारलेल्या मुलीच्या हातचं बियाणंसुद्धा कुणी घेत नसे. न्यागुथी मिशनच्या आवारात राहू लागली, पण बाप्तिस्मा पुढे पुढे ढकलत राहिली. आधी बापाची थुंकी, मग पाद्र्याचं पाणी, हे तिच्या मनानं घेतलं होतं. पाद्री चिडे. “थुंकी? शी! ते सैतानाचा काम आहे!”

मग गाचांजाचे डोळे मोतीबिंदूनं गेले, आणि एका थंडीत छाती भरली. तो आता उठत नाही असं कळलं, तेव्हा ती पाद्र्याला घेऊन घरी गेली.

म्हातारा दाराशी कातड्यावर पडला होता.

“कोण?”

“मी, बाबा.”

“मी कोण? शेळीसुद्धा ‘मी मी’च करते.”

“पाद्रीपण आलेत.”

“त्याला खाली बघून चाल म्हणावं. मागच्या खेपेला माझी रताळी तुडवलीन.”

पाद्री गुडघ्यावर बसला. त्या विझलेल्या डोळ्यांकडे बघून त्याला एक गोष्ट आठवली. “येशूकडे आला एक आंधळा माणूस. येशू जमिनीवर...” शब्द अडला. त्यानं न्यागुथीकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली.

“थुंकला,” ती पुटपुटली.

“थुंकला! तो चिखल त्याच्या डोळ्याला लावला. आणि त्याला दिसला!”

म्हातारा कोपरावर उठला. “थुंकला? तुमचा तो?”

“होय.”

“मग हे आधी का नाही बोललास रे? त्याला आशीर्वाद देता येत होता! इतकी वर्षं नुसतं पाणी पाणी करत बसलास!”



“मधाची दारू आण,” म्हातारा बायकोला म्हणाला. घोट तोंडात धरून त्यानं लेकीचा खांदा चाचपला आणि थुंकला. तिच्या पांढऱ्या झग्यावर, छातीशी, बारीक तुषार उडाले. खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर त्यानं पाद्र्याचा हात ओढला आणि तळव्यावर थुंकला. पाद्र्याचा दुसरा हात खिशातल्या रुमालाकडे गेला. अर्ध्यावर थांबला, परत आला.

“आई,” गाचांजा म्हणाला, “नाव हवं ते घे. पण मी हाक मारली तर ओ दे.”

“ओ, बाबा.”

मका तयार व्हायच्या आत तो गेला.

बाप्तिस्म्याच्या दिवशी पाद्र्यानं पुकारलं, “रूथ.” कुणाला बोलावतायत ते तिला क्षणभर कळलंच नाही. मग ती पुढे झाली. डोक्यावरचं पाणी गळ्यावरून ओघळत छातीशी आलं, तेव्हा तिनं तिथं हात ठेवला. पुसलं नाही.