सायकलवर खोळ नको

माझ्यावर सगळ्यात मोठे ऋण आहे ते माझ्या थोरल्या भावाचे. आम्ही त्याला दादा म्हणत असू. वडील गेले तेव्हा तो मराठी चौथीत होता. त्याने पाटी ठेवून दिली आणि नांगर धरला. पुढे मी चौथी पास झालो तेव्हा मात्र तो आईला म्हणाला, "ह्यो शिकंल." आमच्या घराण्यात तोवर कोणी इंग्रजी शाळेची पायरी चढले नव्हते.

आमचे गाव कार्ल्याच्या पुढे, शाळा लोणावळ्याला. रोज चालत जाणे-येणे जमेना, म्हणून दादाने खंडाळ्याच्या एका बंगल्यातल्या माळ्याकडून जुनी सायकल आणली. तिची सीट फाटलेली होती आणि ब्रेक फक्त मागचा लागे. तो ब्रेक दादा सकाळी स्वतः दाबून पाही आणि मगच सायकल माझ्या हाती देई.

पावसाळ्यात आमच्याकडे माणूस बाहेर पडतो तो घोंगडीची खोळ घेऊन. घोंगडीचे टोक दुमडून डोक्यावर घ्यायचे आणि बाकीची पाठीवरून पोटरीपर्यंत सोडायची. खाचरात वाकून काम करणाऱ्याला तिच्यासारखा आसरा नाही. खोळ न घेता निघणे म्हणजे आमच्या घरात घोंगडीसुद्धा नाही असे गावाला सांगण्यासारखे. त्यामुळे सायकल आली तरी खोळ सुटली नाही. त्यात काही धोका असेल असे कोणाच्या मनातही आले नाही.

मी इंग्रजी तिसरीत होतो. भाताची आवणी नुकतीच उरकली होती. त्या रविवारी दादा सायकलवरून लोणावळ्याला मीठमिरची आणायला निघाला. वळवणच्या अलीकडे मागून मोटार आली. तुंगार्लीच्या कुठल्याशा बंगल्यावर चालली होती. भिजलेली घोंगडी दादाच्या कानांवर घट्ट बसलेली, त्यात वरून पावसाचा मारा. भोंगा त्याला ऐकू आला तो मोटार अगदी पाठीशी आल्यावर. पाहायला म्हणून मान वळवली, तर डोळ्यांपुढे घोंगडीचीच आतली बाजू. मानेबरोबर हॅण्डलही वळले, रस्त्याच्या मधोमध. घोंगडीचा सोगा मागच्या चाकात गेला आणि मोटारीचा मडगार्ड दादाच्या गुडघ्यावर बसला.

मोटारवाल्यानेच त्याला दवाखान्यात पोचवले. भेटायला आलेली माणसे त्या मोटारवाल्याला शिव्या देऊ लागली, तेव्हा दादा खाटेवरून म्हणाला, "भोंगा वाजवत हुता त्यो. मलाच न्हाई ऐकाया आला."

गुडघा पुन्हा वाकला नाही. चिखलात उभे राहणे संपले, निम्मी खाचरे वाट्याने द्यावी लागली. आता माझी शाळा संपली हे मी मनाशी धरूनच चाललो होतो. आईने तर सायकल गोठ्यात, वैरणीच्या मागे लोटून दिली होती.

"एक जायबंदी झाला. आता दुसऱ्याला धाडू व्हय त्या रस्त्यावर?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पाऊस चालू असताना दादाने मला सायकल काढायला लावली आणि काठी टेकत गावाबाहेरच्या वाटेवर नेले.

"खोळ घे, आन् त्या आंब्यापातुर जाऊन ये."

मी जाऊन आलो.

"मी काय म्हनलं?"

"कवा?"

"तू जाताना. घसा फुटंस्तवर वरडलो की."

मला एक अक्षर ऐकू आले नव्हते. त्याने माझ्या डोक्यावरची खोळ काढून घेतली आणि मला पुन्हा पाठवले. या खेपेस थोडा पुढे गेलो नाही तोच मागून आवाज आला, "आरं गाढवा, डाव्या अंगानं चाल!"

मी परत आलो तेव्हा तो हसत होता. मग गंभीर होऊन म्हणाला, "भिजलास तर वाळशील. ह्यो गुडगा काय आता वाकत न्हाई. शाळा सोडायची न्हाई, आन् सायकलवर खोळ घ्यायची न्हाई. आईला मी सांगतो."

त्यानंतर मी भिजतच शाळेला गेलो. पुस्तके मेणकापडात बांधलेली असत. कोरडे कपडे लोणावळ्यातल्या एका शिंप्याच्या दुकानात ठेवलेले असत. गावाला मात्र ते पाहवेना. शेजारचे आबा ओट्यावर बसून रोज विचारीत, "काय रं, घोंगडी इकली का काय? का मास्तरानं आंघोळ करून यायला सांगितलंय?"

एकदा दादाने ते ऐकले. तो म्हणाला, "घोंगडी हाय, आबा. तिला घरात जपून ठिवलीया. भाऊ एकच हाय."



मी मॅट्रिक झालो, पुण्यास शिकलो आणि बी. ए. झालो. तळेगावात शिक्षकाची नोकरी मिळाली. तेव्हा दुसरी लढाई चालू होती आणि मुंबई-पुण्याच्या रस्त्यावरून लष्करी लॉऱ्यांच्या रांगा जात. दादाचा मुलगा तेव्हा लोणावळ्याच्या शाळेत जाऊ लागला होता. एके दिवशी गावच्या माणसाबरोबर दादाचा निरोप आला: रस्ता आता पोराला धाडण्यासारखा राहिला नाही, पुढल्या सोमवारी त्याचे नाव शाळेतून काढतो. ज्याने मला सायकलवर बसवले, त्याचाच धीर पोटच्या पोरापाशी सुटला होता. मी त्याच संध्याकाळी पत्र लिहिले.

"तीर्थरूप दादांच्या पायी नमस्कार.

निरोप पोचला. तुमची भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. परवा वडगावला जाताना मीही त्या लॉऱ्या पाहिल्या. एक निघून गेली की रस्ता मोकळा झाला असे वाटते, आणि तेवढ्यात मागची अंगावर येते. पोराला एकट्याला धाडू नका, हे मला मान्य आहे. पण शाळेतून काढू नका.

शनिवारी मी सायकल घेऊन येतो. आठवड्याची रजा काढतो. ती संपेपर्यंत रोज त्याच्याबरोबर लोणावळ्याला जाईन. लॉरीचा आवाज आला की उतरायचे, सायकल रस्त्याखाली घ्यायची आणि सगळी रांग जाईपर्यंत उभे राहायचे, हे त्याच्या अंगवळणी पडेपर्यंत मी त्याला सोडणार नाही. शाळेला उशीर होईल. हेडमास्तरांना मी भेटून सांगतो.

त्यानंतरही तुमचे मन घेत नसेल, तर त्याला तळेगावला माझ्याकडे ठेवू. खोली एकच आहे, पण दोघांना पुरेल. वहिनींना हे तुम्हीच समजावून सांगा. माझ्याने ते होणार नाही.

मला शाळेत घालताना तुम्ही कोणाला विचारले नव्हते. मी मात्र तुम्हाला विचारतो आहे. मी येईपर्यंत त्याचे नाव राहू द्या.

तुमचा धाकटा भाऊ"