रेकॉर्डिंगवाला बॉक्स आणि शेजारच्या काकू

मंडळी, आज माझं चुकलं.

आईची मालिका नेमकी म्हशीच्या धारंच्या वेळी लागते. म्हणून गेल्या आठवड्यात धाराशिवात तीन दुकानं फिरून स्वस्तातला रेकॉर्डिंगवाला सेटटॉप बॉक्स आणला.

शेजारच्या काकू एकट्या राहतात. रोज सकाळी येऊन त्या आईला कालचा भाग सांगतात. आज त्यांनी सुरुवात करताच मी ऐटीत म्हणालो, "काकू, आता कशाला तरास? आई रेकॉर्डिंग बघते."

"व्हय का? बरं झालं," म्हणत काकू चहा न घेताच गेल्या.

आई म्हणाली, "आठ दिस झालं, म्या रात्री बघून बी सकाळी तिच्याकडनं नव्यानं ऐकत होते. तुला कुणी इचारलं होतं?"

दुकानदाराला सतरा प्रश्न विचारले, आईला एकही नाही. आता काकूंकडं कोणत्या तोंडानं जाऊ?