कॉलरवालीची तहान

शिवणकारखान्यात तिला सगळे कॉलरवाली म्हणत. तिच्या हातची कॉलर कधी उसवली नाही. पण बाळंतपणानंतर कामावर परतली ती डोकं धरूनच. अंगात त्राण नाही आणि तहान अशी, की घागर रिचवली तरी घसा कोरडाच.

"बाळंतपणं आम्हीही केली बाई," जाऊबाई म्हणाली, "एवढे चोचले नाही केले."

कारखान्यात अख्ख्या ओळीला संडासाला जायचा बिल्ला एकच. एकीने परत टांगला की दुसरी उठणार. मालकाला ओरडावंही लागत नाही, बायकाच एकमेकींवर पहारा ठेवतात.

कॉलरवालीला तासात तीनदा उठावं लागे. "बिल्ला काय माहेराहून आणलास?" शेजारची फिसकारली.

कॉलरवालीने मग शहाणपणा केला. पाणीच तोडलं. दुसऱ्या दिवशी मशीनवरच आडवी झाली.

सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण भडकली. "तुझ्या शरीरात पाणी टिकत नाही, आणि तू वरून प्यायचंही बंद केलंस?"

रक्त तपासलं, डोक्याचा स्कॅन काढला. मेंदूच्या बुडाशी हरभऱ्याएवढी ग्रंथी असते, सगळ्या शरीराला हुकूम तिथून सुटतात. ती सुजली होती.

"गाठ आहे का?" नवऱ्याने चाचरत विचारलं.

"तशी वाटत नाही. रोगाशी लढणारे अंगातले राखणदारच घरच्यांवर उलटलेत. बाळंतपणाच्या आगेमागे होतं असं कधीकधी. पक्की खात्री करायची तर तुकडा काढावा लागेल. त्याआधी स्टेरॉइड देऊन बघू."

सूज उतरली, डोकेदुखी थांबली. तहानेवर वेगळी गोळी मिळाली. पण ग्रंथी काही पूर्वीसारखी कामाला लागली नाही.

"तिचं काम आता ही स्टेरॉइडची गोळी करणार, एक दिवसही चुकवायची नाही," डॉक्टरिणीने बजावलं. "ताप आला तर दुप्पट. उलटीत पडली तर लगेच इंजेक्शन. नाहीतर जिवावर बेतेल."

म्हणजे जन्माची बांधिलकी. मशीनशीही आणि गोळीशीही.

एका दुपारी अंग तापलं. तिने दुप्पट गोळ्या घेतल्या आणि नळाशीच ओकल्या. आता इंजेक्शनच. ती कारखान्याच्या फाटकाशी आली, तर कुलूप.

"सुटीआधी पास लागतो," रखवालदार म्हणाला.

मुकादम लांबूनच खेकसला, "रोज नवं नाटक! बस जागेवर."

तिने गज धरले. मागे मशीनं धडधडत होती, एकीनेही मान वर केली नाही.

"बाई, माझी नोकरी जाईल," रखवालदार म्हणाला.

"माझं काय जाईल ते विचार ना!"

ती घसरत खाली बसली. ओठ पांढरेफटक पडले. रखवालदार घाबरला. "फाटकात मेलीस तर पंचनामा माझ्या डोक्यावर," म्हणत त्याने अंगापुरती फट उघडली.

"बाहेर पाऊल टाकलंस तर उद्या मशीन दुसरीला!" मुकादम गरजला.

"दे," ती म्हणाली. "जगले तर भांडायला येईन."

भिंत धरून ती दवाखान्याच्या वाटेला लागली. मागे कुलूप पुन्हा बसलं. आत सगळ्या तशाच.