ओटे काढून दिल्यावर

महापालिकेची सभा भरायच्या आधी पक्षाची एक बैठक असते. तिला आमच्या बडोद्यात संकलन म्हणतात. आज कोण बोलणार, काय बोलणार आणि कोणी गप्प बसायचं, ते तिथेच ठरतं. मी कॉर्पोरेटर झाले तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. जागा महिला राखीव झाली होती, पक्षाला आमच्या वाडी भागातली मराठी बाई हवी होती आणि मी शिकलेली होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आजोबांचे आजोबा महाराज सरकारांच्या फौजेत शिपाई, वडील गोरव्याला कारखान्यात लेथवर. मी बी.कॉम. झाले ते कुणाच्या मेहेरबानीने नाही. त्यामुळे गप्प बसायची मला सवय नव्हती.

आमच्या गल्लीत नळाच्या पाण्याला गटाराचा वास यायचा. ड्रेनेजची जुनी लाइन फुटलेली आणि पिण्याची लाइन तिला चिकटूनच गेलेली. घराघरात उलट्या-जुलाब. संकलनात मी विषय काढला की म्हणायचे, "पुढच्या वेळी, बेन." एकदा मी सरळ सभेतच उभी राहिले आणि विचारलं, "हे पाणी तुम्ही तुमच्या घरच्या देवावर घालाल का?" बाहेर आल्यावर नेत्यांनी मला ऐकवलं, "आपल्या घरची फजिती आपणच करायची नसते." पण लाइन मंजूर झाली. मला वाटलं, बघा, शिक्षण याला म्हणतात.

मग इंजिनियर गल्ली बघायला आला. आमच्याकडची घरं उंच जोत्याची, आणि प्रत्येक घरापुढे दगडी ओटा, त्याला पायऱ्या. इंजिनियर म्हणाला, गल्ली अरुंद आहे, ओटे निघाले तरच नवी लाइन बसेल, आणि लोकांनी राजीखुशीने काढून दिले तर काम लवकर होईल. राजी करायचं काम माझं.

समोरचे शिंपीकाका ओट्यावर बसूनच काजं-बटणं करायचे. ते म्हणाले, "ओटा गेला तर मी बसू कुठे? तमारी खुरशी पर?"

"काका, आधी आमचा तुटेल, मग तुमचा."

आमच्या ओट्यावर आई बसायची. भाजी तिथेच निवडायची, आल्यागेल्याची चौकशी तिथेच. तिचे दोन्ही गुडघे गेलेले, पण त्या बुटक्या, रुंद पायऱ्या भिंतीला धरून ती उतरायची आणि रोज गल्लीच्या टोकाला देवळात जायची. मी तिला सांगितलं, लाइन टाकली की लगेच पायऱ्या बांधून देणार आहेत.

"कधी?"

"दिवाळीच्या आत."

"तू बोललीस ना? मग तोड म्हणावं."

आमचा ओटा पहिला तुटला. मी स्वतः उभी राहून तोडवला. मग एकेक करत सगळ्यांचे गेले. उंबरा आता माझ्या कमरेइतका उंच. तात्पुरतं म्हणून लोकांनी स्टुलं लावली, कुणी लोखंडी शिडी टेकवली. आई एकदा स्टुलावरून घसरली. हाड वाचलं, धीर गेला. त्यानंतर ती उंबऱ्याच्या आत खुर्ची टाकून बसू लागली.

दिवाळी गेली. मी ऑफिसात गेले की इंजिनियर चहा मागवायचा आणि म्हणायचा, "थई जशे, बेन," म्हणजे होऊन जाईल. आधी एस्टिमेट पुन्हा करायचं निघालं, मग दुसरीकडचा मोठा रस्ता घाईचा ठरला, मग आचारसंहिता लागली. मी म्हटलं, निदान पायऱ्या तरी बांधू द्या. गवंडी लावला, तर वॉर्ड ऑफिसचा माणूस येऊन थांबवून गेला. ती पट्टी लाइनसाठी मोकळी ठेवायची, आणि तसं सगळ्यांकडून लिहून घेऊन मीच तर दिलं होतं.

काका समोरून ओरडले, "भणेली, शिकलेली कॉर्पोरेटर म्हणून मत दिलं, बेन! हवे एक हेलिकॉप्टर अपावो, घरातून उतरायला!"

गल्ली हसली. मीही हसले असते, पण मागे आई बसली होती.

तिकीट मला मिळालं नाही. या वेळी नवे चेहरे, असं सांगण्यात आलं, तेही मी विचारल्यावर. तिकीट मिळालेल्या नव्या बाई पाया पडायला आल्या. आईने वरूनच हात केला. त्यांचे हात सरळ आईच्या पावलांपाशी पोचले, वाकायचीही गरज पडली नाही. लाइनबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "मी बघते ना, ताई." मीसुद्धा लोकांना हेच म्हणायचे, आणि खरंच बघायचे. बघून काय झालं?

एरवी आईला उचलून खाली न्यायचं म्हटलं की ती चिडायची. "पोतं आहे का मी?" पण मत तिने कधी चुकवलं नव्हतं. मतदानाच्या दिवशी पक्षाची माणसं प्लास्टिकची खुर्ची घेऊन आली, तेव्हा ती नवी साडी नेसून तयार होती. चौघांनी तिला खुर्चीसकट उतरवलं, शाळेत नेलं, परत आणलं. दाराशी आल्यावर ती म्हणाली, "जरा वेळ इथंच बसू द्या रे मला."

ती गल्लीत बसली. शेजारणी जमल्या. शिंपीकाका उंबऱ्यावरून पाय सोडून आईला म्हणत होते, "माजी, फोटो पाडू का तुमचा?" आई हसत होती. इतक्या दिवसांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

एक कार्यकर्ता माझ्याजवळ आला. मीच त्याला पक्षात आणलं होतं. हळूच म्हणाला, "बेन, खुर्ची पुढच्या पोळात न्यायची आहे. त्या गल्लीत दोन म्हातारी माणसं थांबली आहेत."

मी मान हलवली. त्यांनी आईला वर ठेवलं आणि खुर्ची घेऊन ते गेले.

आई त्यानंतर खाली उतरलेली नाही. लाइन आलेली नाही, नळाला वास येतोच. मला कुणी विचारलं तर मी अजूनही म्हणते, लाइन हवीच होती. पण आता कुणी विचारत नाही.