सायकल चालवतच बाहेर न्यावी

साकीनाक्याच्या एका गाळ्यात दर शनिवारी आमची सायकल कार्यशाळा भरत असे. सोसायट्यांनी टाकून दिलेली एक सायकल निवडायची, ती पूर्ण खोलून पुन्हा जोडायची आणि निर्दोष ठरली की घरी न्यायची. श्रम हीच तिची किंमत. नियमावली मी लिहिली होती. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. केल्यामुळे माणसेही तक्त्यात बसतात असा माझा समज होता, आणि हा उपक्रम मुलुंड-घाटकोपरला न्यायचा असल्यामुळे त्या तक्त्यात एकही रिकामा रकाना मला चालणार नव्हता.

शेवटचे कलम माझे आवडते होते: तयार सायकल फाटकातून चालवतच बाहेर न्यावी. सुरुवातीला दोघांनी सायकली टेम्पोत टाकून नेल्या आणि थेट भंगारात विकल्या. तेव्हापासून प्रत्येक नव्या माणसाकडे मी संशयानेच पाहत होते. अर्जातही प्रश्न घातला होता: सायकल चालवता येते का?

नव्याने आलेल्या एका बाईंनी, सगळे त्यांना मावशी म्हणत, ‘हो’ लिहिले होते. पन्नाशीच्या, मूळच्या कोकणातल्या, गिरणी कामगाराची मुलगी. मरोळच्या एका पोळी-भाजी केंद्रात त्या पहाटेपासून पोळ्या लाटत. पहाटे रिक्षा मिळत नाही, उशीर झाला की मालकीण दुसरी बाई बघते, म्हणून सायकल हवी, असे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. बेअरिंगचे छर्रे ग्रीसमध्ये बसवताना त्यांचा हात एकदाही अडखळला नाही.

पाच शनिवारांत सायकल तयार झाली. राहिले फक्त मागचे चाक. ते ‘आउट’ होते, म्हणजे फिरताना एका बाजूला लचकत होते. मावशींनी स्पोक आवळून ते सरळ केले. पुढच्या शनिवारी चाक पुन्हा आउट. पुन्हा सरळ केले, आठवड्याने पुन्हा आउट.

“रिमच खराब असंल, मॅडम,” मावशी म्हणाल्या.

“रिम मी स्वतः मोजली आहे.”

“मग काय ठाऊक.”

यादीत बरेच जण ताटकळले होते. या महिन्यात सायकल नेली नाही तर ती पुढच्या माणसाला जाईल, असे मी त्यांना बजावले. त्यांनी मान हलवली आणि जुन्या चेनला तेल घालत बसल्या. ज्या बाईची नोकरी या सायकलवर अवलंबून होती, ती इतकी शांत कशी? बहुधा तिला सायकल नकोच होती; चांगले सुटे भाग हवे होते. मी पेट्यांतले भाग मोजले. सगळे जागेवर होते. संशय मात्र कमी झाला नाही.

पुढच्या शनिवारी मी तासभर आधी गेले, चाक स्वतः सरळ केले आणि स्पोक ज्या छोट्या नटाने रिमला आवळला जातो, तो नट आणि रिम यांना जोडणारा नेलपॉलिशचा एकेक ठिपका दिला. मावशी आल्या. मी चहा सांगायला म्हणून बाहेर पडले आणि दहा मिनिटांनी परतले. सलग चार ठिपके मधोमध तुटले होते.

“मावशी, स्पोक तुम्हीच सैल करता.”

त्यांनी स्पोकची चावी पदराला पुसली आणि माझ्यासमोर ठेवली. “होय.”

“का?”

“चाक सरळ झालं की तू फाटकातनं चालवायला लावणार. मला येत नाय.”

“अर्जात हो लिहिलंत.”

“नाय लिवलं असतं तर घेतलं असतंस?”

मी घेतले नसते.

“शिकायला आधी सायकल लागते ना गो बाय. आमच्या गल्लीत पहाटेला कोण नसतं. हितं या पोरांच्या पुढं पडू काय मी? वाटलं, तू कंटाळशील आणि म्हणशील, न्या एकदाची.”

“मी कंटाळत नाही.”

“ते कळलं माका.”

हेही रचलेले असू शकते, हा विचार तेव्हाही माझ्या मनात होता. तरीही त्यांनी पुन्हा आवळलेले चाक मी तपासले, तक्त्यात ‘निर्दोष’ लिहिले आणि त्यांना सायकल हाताने ढकलत नेऊ दिली. फाटकापाशी त्या थांबल्या नाहीत, मागेही वळल्या नाहीत. भंगारवाल्याचे दुकान त्याच दिशेला होते.

तीन आठवड्यांनी मी सकाळी मरोळला गेले. ते माझ्या वाटेवर नव्हते, मुद्दाम गेले. केंद्राबाहेर सायकल उभी होती. मी वाकून पाहिले. हँडलच्या डाव्या मुठीचे रबर फाटले होते, डाव्या पेडलची कड खरवडून चकचकीत झाली होती, ब्रेकचा डावा दांडा वाकला होता. उजवी बाजू जशीच्या तशी होती. एकाच बाजूला, पुन्हा पुन्हा पडल्याशिवाय असे होत नाही.

“तपासूक इलंस?” मावशी दारात उभ्या होत्या. कोपरापर्यंत पीठ होते. डाव्या कोपरावर पिठाखाली खपली दिसत होती.

“चाक आउट आहे का बघत होते.”

“मग बघ,” त्या म्हणाल्या आणि लाटायला आत गेल्या.

मी मागचे चाक उचलून फिरवले. ते सरळ फिरत होते.

घरी येऊन मी अर्जातला तो प्रश्न काढला. शेवटचे कलम मात्र काढायला मला आणखी महिनाभर लागला.