दगडाआधी घेतलेलं नाव

नवरा गेल्यापासून मर्नाच्या घरात दोन गोष्टी बंद झाल्या होत्या. एक त्याचं नाव आणि दुसरं टपाल.

नाव तर आडरानातल्या मूळनिवाशांच्या सबंध ब्राऊन्स बोअर वस्तीतच बंद होतं. माणूस मातीत गेलं की त्याचं नावही त्याच्याबरोबर झाकायचं आणि घरच्या वडीलधाऱ्यांनी पुन्हा बाहेर काढेपर्यंत कुणी उच्चारायचं नाही, ही तिथली रीत. घराला धुरी दिली गेली, त्याचे कपडे जाळले, भिंतीवरचा फोटो उतरवला. गॅरेजमधल्या मेकॅनिकचं नाव नेमकं तेच, म्हणून त्याला लोक 'बिननाव्या' म्हणू लागले. तो गाडीखालून ओरडायचा, "अरे, मेला तो आणि पुसला गेलो मी!" लोक हसायचे, पण त्याला जुन्या नावाने हाक कुणी मारत नसे. रविवारी चर्चमध्ये मर्ना डोळे मिटून म्हणायची, "प्रभू, तुला ठाऊक असलेल्या त्याला शांती दे." देवाला नाव सांगावं लागत नाही, एवढी तरी सोय होती.

टपालाचं कारणही नावच. बँकेच्या पाकिटावर आधी त्याचं नाव आणि खाली हिचं. खातं दोघांचं होतं, तो रस्त्याच्या कामावर आणि ही शाळेच्या स्वयंपाकघरात लागली तेव्हा उघडलेलं. दुकानदार बिचारा समजून पाकीट पालथं करून द्यायचा. मर्ना ते तसंच थेल्माकडे देई. थेल्मा म्हणजे गेलेल्याची थोरली बहीण. ती दोन बोटांच्या चिमटीत पाकीट धरून चहाच्या विस्तवात सोडायची.

"फार मायाळू गं ही बँक," ती म्हणायची. "भावकी विसरली, पण ही दर पंधरवड्याला आठवण काढते."

"चहाला तेवढंच जळण, वन्सं."

थेल्माची दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत आली होती. पाय सुजून खांबासारखे झाले होते. रक्त धुण्याचं यंत्र शहरात, सहा तासांच्या रस्त्यावर. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की आता आठवड्यातून तीनदा, जन्मभर, म्हणजे मुक्कामच तिकडे हलवायचा. थंडी संपली की बस न्यायला येणार होती. त्या बसने गेलेली माणसं परत येतात ती पेटीतून, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

आणि नाव बाहेर काढायचा मान थेल्माचाच. कबरीवर दगड बसवायचा, दगडावर नाव कोरलेलं असायचं, थोरल्या बहिणीने त्यावर हात ठेवून ते पहिल्यांदा मोठ्याने घ्यायचं. मग सगळ्यांची जीभ मोकळी. तोवर कबरीवर नुसता मातीचा उंचवटा, वर प्लास्टिकची फुलं, तीही उन्हाने पांढरी पडलेली.

"मी जायच्या आत दगड बसव," थेल्मा म्हणाली होती. "नाहीतर तो तसाच राहील, बिननावाचा. कुत्र्याला पुरल्यासारखा."

मर्ना दगडासाठीच पगारातून मागे ठेवत होती. मागे ठेवत होती म्हणजे काय, खात्यातून काढत नव्हती. दुकानातल्या यंत्राला शिल्लक विचारली तरी अडीच डॉलर कापतं. 'विचारायलाही पैसे पडतात, तर न विचारलेलं बरं. ठेवलंय ते असेलच तिथे,' असा तिचा हिशेब. देवावर ठेवायचा तसा भरवसा तिने बँकेवर ठेवला होता, तिथेच ती चुकली.

शहरातल्या दगडवाल्याला विसार द्यायला ती दुकानात गेली. यंत्राने कार्ड घेतलं, जरा घुटमळलं आणि परत दिलं. पैसे नाहीत.

"पुन्हा घाल," मर्ना दुकानदाराला म्हणाली.

"तीनदा घातलं, मावशी. उगाच दर वेळी दंड पडेल तुला."

"कसला दंड?"

दुकानदाराने कार्ड तिच्या हातात ठेवलं. त्याने तिला वस्तीच्या कचेरीकडे पिटाळलं. महिन्यातून एकदा शहरातून पैशांच्या तंट्यात मदत करणारी जोसलिन नावाची मुलगी येई, तिच्याकडे.

जोसलिनने बँकेकडून कागद मागवले. ते आले त्या दिवशी तिने पहिल्या ओळी काळ्या शाईने झाकल्या आणि मगच मर्नापुढे ठेवले. एवढी समज त्या मुलीला होती. मग बोट फिरवत ती सांगू लागली. नवऱ्याने व्हॅनमधून वस्तू भाड्याने देत फिरणाऱ्या माणसाकडून फ्रीज घेतला होता, त्याचा हप्ता दर पंधरवड्याला खात्यातून आपोआप जात होता.

"तो फ्रीज केव्हाच मेला," मर्ना म्हणाली. "त्यात मी पीठ ठेवते. उंदीर शिरत नाहीत."

"फ्रीज मेला, हप्ता जिवंत आहे," जोसलिन म्हणाली. "ते गेल्यावर त्यांचं पेन्शन थांबलं, खात्यात कमी पडायला लागलं. कमी पडलं की बँक स्वतःच भरायची आणि वर दंड लावायची. ओव्हरड्राफ्ट म्हणतात. मग तुमचा पगार आला की आधी स्वतःचं वसूल. मग पुन्हा कमी. मग पुन्हा दंड."

"मी मागितले होते का त्यांच्याकडे?"

"नाही."

"मग न मागता कशाला दिले? न मागता देणाऱ्याने दंड लावायचा, हे कुठल्या गावचं?"

"त्यांनी पत्रं पाठवली म्हणतात. दर वेळी."

मर्नाने बाहेर पाहिलं. थेल्मा ओसरीवरच्या बाकावर पाय पसरून बसली होती, काठीने कुत्र्याला हाकलत. ती पत्रं जाळून त्यांनी दीड वर्ष चहा केला होता.

दगडाच्या किमतीतला निम्म्याहून जास्त पैसा दंडात गेला होता. जोसलिन म्हणाली, भांडता येईल. हप्ता बंद करता येईल, पगार वेगळ्या खात्यात वळवता येईल आणि दंड परत मागता येईल. तिने फोन लावला आणि आवाज मोठा करून मेजावर ठेवला. बराच वेळ गाणं वाजलं. मर्नाने हात जोडून ओठांतल्या ओठांत प्रार्थना म्हटली. मग क्रेग नावाचा कुणी आला. आवाज तरुण होता, वाईट नव्हता.

"मॅडम, खातं दोघांचं आहे. तक्रार नोंदवायला दुसऱ्या खातेदाराचं पूर्ण नाव सांगाल का?"

मर्ना जोसलिनकडे पाहत राहिली.

"मी सांगते," जोसलिन पुढे झुकली. "मी त्यांची सल्लागार आहे."

"माफ करा, खातेदारानेच सांगावं लागतं. त्यांच्या स्वतःच्या आवाजात. आमचे फोन रेकॉर्ड होतात."

"ते वारले आहेत. यांच्यात गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत."

"वाईट वाटलं ऐकून. खरंच. मग मृत्यूचा दाखला पाठवा. तो विभाग वेगळा. तीन-चार महिने लागतात."

"तोवर हप्ता?"

"तो चालू राहील. आणि जुने दंड परत मागायची मुदतही सरत जाईल. माझ्या हातात नाही, मॅडम."

जोसलिनने फोनवर हात ठेवला. "मर्ना, नको. आपण दाखला मागवू."

"तीन-चार महिन्यांनी वन्सं कुठे असतील?"

मर्ना उठून दारापाशी गेली. दार नीट लागत नव्हतं, कित्येक वर्षं कुणी दुरुस्त केलं नव्हतं. "वन्सं, जरा दुकानापर्यंत जाता का? चहा घ्या जाऊन. माझ्या नावावर."

"तुझ्या नावावर कोण चहा देईल? बँकेने नागवलंय तुला." थेल्मा स्वतःच्याच बोलण्यावर हसली. "आणि माझ्या पायांत तेवढं बळ असतं तर शहरात कशाला जावं लागलं असतं? तू बोल तुझ्या बँकेशी. दे एक ठेवून माझ्याकडूनही."

मर्नाने दार जमेल तितकं ओढून घेतलं. परत येऊन फोनवर ओणवी झाली, पाळण्यावर बाई वाकते तशी. तोंडाभोवती दोन्ही हातांची ओंजळ धरली आणि नाव घेतलं.

"माफ करा, मॅडम, ऐकू आलं नाही. जरा मोठ्याने?"

"क्रेग, प्लीज," जोसलिन म्हणाली.

"रेकॉर्डिंगमध्ये यायला हवं. मला खरंच वाईट वाटतंय."

मर्नाने दुसऱ्यांदा घेतलं, मोठ्याने. बाहेर कुत्र्याच्या पाठीवर पडत असलेली काठी थांबली.

"आणि मधलं नाव?"

मधलं नाव त्याच्या आजोबांचं होतं. तेही घेतलं. तिन्ही नावं एकापाठोपाठ एक, लग्नात पाद्र्यासमोर घेतली होती तशी. त्यानंतर तिने ती अशी सलग कधी उच्चारली नव्हती.

"धन्यवाद, जुळलं," क्रेग म्हणाला.

त्याच वेळी ओसरीवरून थेल्माचा आक्रोश सुरू झाला. मेलेल्याच्या बातमीवर बायका काढतात तो सूर, खालून उठून वर जाणारा. मूठभर माती घेऊन तिने डोक्यावर घातली. क्रेगने विचारलं, "मॅडम, तिकडे सगळं ठीक आहे ना?" मग तो म्हणाला, "हप्ता मी बंद केला आहे. दंडाचं असं आहे की नियमाने ते बरोबरच लागलेले आहेत. पण बँक सदिच्छा म्हणून गेल्या तीन महिन्यांचे परत देईल. त्याआधीचे देता येत नाहीत."

"त्याआधीचेच तर जास्त आहेत!" जोसलिन ओरडली. "वर बँकांच्या लोकपालाकडे जाऊ आम्ही."

"तो तुमचा हक्क आहे, मॅडम."

तीन महिन्यांच्या दंडात दगड येत नव्हता. फार तर दगडावरची अक्षरं आली असती.

मर्ना बाहेर आली तेव्हा बाक रिकामा होता. जिला दुकानापर्यंत चालवत नव्हतं, ती थेल्मा काठी टेकत, मातीने भरलेल्या केसांनी आपल्या भाचीच्या घराकडे निघाली होती. मर्नाने हाक मारली नाही. कुठल्या तोंडाने मारणार? त्या संध्याकाळी थेल्माचं अंथरूण गेलं, चहाचा मग गेला, चुलीजवळची तिची बसायची पत्र्याची पेटीही गेली. मर्नाने निखाऱ्यावर भाजलेली भाकर भाचीच्या हाती पाठवली. ती तशीच परत आली, फडक्यात गुंडाळलेली, गार.

गावाने मर्नाला शिव्या दिल्या नाहीत. एवढंच झालं की बिननाव्या तिला पाहून हसायचा थांबला. चर्चमध्ये तिच्या बाकावर मोकळी जागा राहू लागली. ती मात्र दर रविवारी गेली. गाण्याला तोंड उघडलं की वाटे, याच तोंडातून ते गेलं. म्हणून ती नुसतीच उभी राहायची. प्रभू क्षमा करतो असं वचन आहे. नणंदेने करावी असं कुठे लिहिलेलं नाही.

जोसलिनने वर तक्रार केली. उत्तर यायला वेळ होता. थंडी संपायला नव्हता.

बस आली त्या सकाळी सगळं गाव जमलं. थेल्माला खुर्चीवर बसवून वर चढवलं, गुडघ्यांवर घोंगडी घातली. मर्ना गर्दीच्या कडेने पुढे झाली, खिडकीच्या काचेवर तिने हात ठेवला. थेल्माने काच सरकवली. तोंड सुजलं होतं, डोळे समोर, रस्त्याकडे.

"वन्सं, तुमच्यासाठीच केलं. तुम्ही जायच्या आत बसावा म्हणून."

"ठाऊक आहे."

"मग?"

"मग काय? आता तूच ठेव दगड." थेल्माने काच ओढून घेतली. काच पुरती लागायच्या आत एवढं ऐकू आलं, "नाव तर तू काढलंसच."

बस तांबडी धूळ उडवत गेली. धूळ बराच वेळ रस्त्यावर उभी होती.

पुढच्या टपालाला दुकानदाराने मर्नाच्या हाती एक पाकीट दिलं, नेहमीसारखं पालथं. बँकेचंच. खातं तपासलं, पैसे वळते केले, झाल्या त्रासाबद्दल दिलगिरी वगैरे असेल आत. पाकिटाच्या तोंडावर पहिलं नाव कुणाचं असेल, हे तिला न बघताही कळलं. बँकेला सगळं सांगून झालं होतं, तरी ती माफी मागायला त्याच्याकडेच आली होती.

ते घेऊन जाळणारं आता कुणी नव्हतं. मर्नाने घरी येऊन चूल पेटवली, चहाचं आधण ठेवलं आणि दोन बोटांच्या चिमटीत पाकीट धरून विस्तवात सोडलं. ज्वाळेने ते कडेने वाकवलं, उलटं केलं, तोंड वर आणलं.

तिने मान फिरवली. तोंडाने घेतलेलं नाव तिला आता डोळ्यांनी वाचायचं नव्हतं.