सहा वेळा पेढे, एकदा बर्फी

ताईचा फोन आला तेव्हा मी पोळीची गुंडाळी दातांत धरून पर्समध्ये कपाटाची किल्ली शोधत होते. शाळेच्या ऑफिसात वेळेवर पोचायचं टेन्शन होतं. "मंगल, हे गेले गं," ती म्हणाली. रडत नव्हती. "चहाला हाक मारली तर उठलेच नाहीत... झोपेतच." मग एकदम म्हणाली, "आज वाडीत पाणी कोण घालणार?" नेरूळला आम्ही दोघी एकाच सोसायटीत राहतो, मधे फक्त आवार आहे. ते मी अनवाणीच ओलांडलं. भावोजी रोजच्यासारखे कुशीवर झोपले होते. पांघरुणाबाहेर आलेल्या टाचांना आदल्या दिवशीची वाडीतली लाल माती तशीच होती. वाडी झाल्यापासून दर रविवारी ताई ओरडायची, "पाय धुवा, चादरी खराब होतात." त्या सकाळी मात्र तिने ती माती कुणाला पुसू दिली नाही.

वसंत जाधव हे माझे भावोजी. मेव्हणी म्हणून त्यांची टिंगल करायचा परवाना मला त्यांच्या लग्नातच मिळाला होता आणि तो मी कधी वाया जाऊ दिला नाही. त्यांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. वाशीपासून पनवेलपर्यंत कुठे कुणी लिफ्टमध्ये अडकलं की भावोजींना फोन. त्यांचा हात चालायचाच, पण खरी ख्याती होती तोंडाची. अडकलेल्या माणसाला ते कधीही "घाबरू नका" किंवा "दोन मिनिटांत काढतो" म्हणत नसत. बंद दारावर तळहात ठेवायचा आणि विचारायचं, "काय जेवलात?" आतून उत्तर येईपर्यंत हात काढायचा नाही. उत्तर आलं की मग पाना हातात घ्यायचा. मी विचारलं, हे काय खूळ? तर म्हणाले, "मंगलबाई, माणूस जेवणाचं सांगायला लागला की त्याचा श्वास जागेवर येतो. घाबरलेल्याला घाबरू नको म्हटलं तर तो जास्त घाबरतो."

याच प्रश्नाने त्यांना मित्र मिळवून दिला. बोनकोड्याचे घरतशेट. जुन्या गावठाणातले, आता दोन बिल्डिंगांचे मालक. एकदा ते स्वतःच्याच बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये अडकले आणि आतून सगळ्यांना शिव्या घालत होते. भावोजींनी दारावर हात ठेवून विचारलं, काय जेवलात? आतल्या शिव्या थांबल्या. मग, "जिताऱ्याचं कालवन." मासा कुणी रांधला, चिंच घातली की कोकम, यावरून दाराच्या आतबाहेर असा वाद रंगला म्हणे, की दार उघडल्यावरही घरतशेट बाहेर यायला तयार नव्हते, मुद्दा पुरा व्हायचा होता. भावोजी कोकमाच्या बाजूचे. संगमेश्वरकडचा माणूस, दुसरं काय म्हणणार!

त्यांच्या गावी घरामागे कोकमाचं मोठं झाड होतं. त्याची फळं, म्हणजे रातांबे, भारी आंबट. ताई नवी नवरी म्हणून गेली तेव्हा सासूबाईंनी ताजा रातांबा फोडून, त्यात साखर भरून तिच्या हातावर ठेवला. ताईने तोंडात टाकला आणि तिचे दोन्ही डोळे जे मिटले ते उघडेचनात. सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "सून झाली गो आता आमची," म्हणाल्या. पुढे दर वर्षी त्या झाडाची आमसुलं नेरूळला यायची आणि ताईच्या हातचं सार वाटीने पिताना भावोजी जगाला विसरायचे. भावोजींची आई गेली. दुसऱ्याच उन्हाळ्यात रस्ता रुंद झाला, त्यात झाडही गेलं. तोडायच्या आधी भावोजी गावी जाऊन आले आणि खाली पडलेल्या रातांब्यांच्या बिया रुमालात बांधून घेऊन आले. आल्यावर एकच वाक्य बोलले, "मला आईच्या झाडाचं सार पुन्हा एकदा प्यायचंय." एवढाच त्यांचा हट्ट. बाकी कुठल्याच गोष्टीसाठी मी त्यांना हट्ट करताना पाहिलं नाही.

मग सुरू झाला दुधाच्या पिशव्यांचा खेळ. धुतलेल्या पिशव्यांत माती भरून त्यांनी बिया लावल्या आणि खिडकीच्या ग्रिलमध्ये त्यांची रांग मांडली. खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या वाळत घातलेल्या साड्यांवर लाल पाणी ठिबकायला लागलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला. भावोजींनी उभं राहून माफी मागितली आणि सर्वांना रातांब्याचं सरबत पाजायचं कबूल केलं. "कधी?" सेक्रेटरींनी विचारलं. "सहासात वर्षांत," भावोजी म्हणाले. मीटिंग हसत हसत संपली आणि साड्यांचा विषय तिथेच राहिला.

रोपं ग्रिलला भिडली तोवर भावोजी निवृत्त झाले होते. घरतशेटच्या बायकोकडून आलेला जमिनीचा एक तुकडा खांदेश्वरच्या पलीकडे नुसता पडून होता. "कर तुला काय करायचा त्यो, भाव. तसाबी गवतच हाय तिथं," घरतशेट म्हणाले. झालं! लिफ्टवाला बागाईतदार झाला. सुरुवातीचा उत्साह असा, की नर्सरीत जे दिसेल ते स्कूटरवर बसून वाडीत जायचं. चिकू, रामफळ, जाम, फणस, केळी... आणि एक रंबुटान, ज्याचं नाव ताईला कधीही धड घेता आलं नाही आणि जे ती नाव शिकायच्या आत मेलंही. केळीचा पहिला घड वानरांनी नेला. भावोजींनी जुन्या लिफ्टची घंटा झाडाला बांधून दोरी ओढायची सोय केली. वानरं दोन दिवस घाबरली, तिसऱ्या दिवशी त्यातलंच एक दोरी ओढताना दिसलं. पण वाडीची खरी शान म्हणजे फाटक. एका पाडलेल्या इमारतीतल्या लिफ्टचा लोखंडी सरकता जाळीचा दरवाजा त्यांनी भंगारवाल्याकडून आणून बसवला, पाटीसकट. पाटीवर लिहिलं होतं, 'क्षमता : ४ व्यक्ती'. आम्ही सहासात जण एकदम आत शिरलो की ते गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "ओव्हरलोड होतंय. दोघांनी जिन्याने या."

मधोमध, सगळ्यात चांगल्या मातीत, ती सात कोकमं. हौशी माणसाची चूक होती ती हीच. कोकमात नर झाड वेगळं आणि मादी वेगळी असते. रोपावरून काही कळत नाही, पाच-सहा वर्षं वाढवून फुलं येईपर्यंत थांबावं लागतं. म्हणून शहाणी माणसं मादी झाडाची कलमं विकत आणतात. भावोजींनी बिया लावल्या होत्या, कारण आईच्या झाडाच्या बियाच तेवढ्या हातात उरल्या होत्या. शिवाय कोकणात जन्मले-वाढले तरी त्यांना हे नर-मादी प्रकरण ठाऊकच नव्हतं! झाड आधीपासूनच होतं, ते फळं द्यायचं, यांनी खायची.

पहिल्या झाडाला फुलं आली तेव्हा त्यांनी आख्ख्या सोसायटीत पेढे वाटले. घरतशेटना बोनकोड्याला जाऊन दिले. सेक्रेटरींना म्हणाले, "सरबताची भांडी घासून ठेवा." मग गावच्या चुलत वहिनीला व्हिडिओ कॉल लावून कौतुकाने फुलांचा घोस दाखवला. वहिनी क्षणभर मोबाइलमध्ये डोळे घालून बघत राहिल्या, आणि मग खुर्चीतून पडतायत की काय अशा हसायला लागल्या. "आवो भावजी, ह्यो तर बाप्या! फुलाच्या पोटात हिरवी गोळी नाय दिसत. ह्येला कसला रातांबा लागतोय?" भावोजींचा चेहरा बघवेना. मी तिथेच होते, आणि मला पुढचं वाक्य सुचलं नसतं तर मी मेव्हणी कसली! "भावोजी, तुमचंच चुकलं. पेढे वाटलेत, मग मुलगाच होणार. बर्फी वाटायची होती." मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी, हा आपल्याकडचा जुना रिवाज. भावोजी आधी माझ्याकडे बघत राहिले, मग असे हसले की घंटेच्या दोरीला धरून उभं राहावं लागलं. घरी दोन मुलगे. मुलगी हवी होती, ते राहून गेलं होतं. "इथेही मुलगाच," म्हणाले, "नशीबच आमचं पेढ्यांचं."

पुढच्या दोनतीन मोसमांत एकेक झाड फुलत गेलं आणि एकेक बाप्या निघत गेला. दर वेळी भावोजी न चुकता पेढे आणायचे. सोसायटीतली पोरं विचारायला लागली, काका, या वर्षी बाप्या नाही झाला का? सहा वेळा पेढे झाले. सातवं झाड कडेचं, किडकिडीत, उंचीने सगळ्यांत मागे. त्याला फूलच येईना. घरतशेट कळवळून म्हणायचे, "आरं, काप ती सगली न् मादीचं कलम बांध. दोन वर्सात फल खाशील. कवा पिनार तू त्यो सार?" भावोजींचं उत्तर ठरलेलं. "शेट, फळ बाजारात पण मिळतं. मला आईच्या झाडाचं पायजे. आणि ह्या सहा जणांनी माझं काय वाकडं केलंय? सावली देतायत." त्यांच्याच सावलीत खाट टाकून ते दुपारी पडायचे. उठले की कडेच्या सातव्याकडे जायचे, खोडावर तळहात ठेवायचे आणि विचारायचे, "काय जेवलीस?" जेवलीस! फुलाचा पत्ता नाही, पण यांनी मुलगी ठरवून टाकली होती. ताई कपाळाला हात लावायची. "इतकी वर्षं लिफ्टशी बोलले, आता झाडाशी. माझ्याशी कधी बोलणार ते विचार त्यांना."

गेल्या डिसेंबरात एका रविवारी मी पोह्यांचा डबा घेऊन वाडीत गेले, तर फाटक सताड उघडं. भावोजी कधी फाटक उघडं टाकत नसत. मी घाबरून आत धावले. ते सातव्या झाडाखाली उभे होते, एक फांदी दोन बोटांनी खाली धरून, चष्मा कपाळावर. मला जवळ यायची खूण केली, जसं काही आवाज केला तर ते उडून जाईल. फिकट लालसर फूल, आणि त्याच्या पोटात हिरवी गोळी... वाटाण्यापेक्षाही लहान. भावोजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू. मीही रडले, खोटं कशाला सांगू. मग ते सावरून म्हणाले, "मंगलबाई, स्कूटर काढतो. बर्फी."

त्या दिवशी नेरूळच्या मिठाईवाल्याकडची बर्फी संपली असावी. घरतशेट आले, त्यांनी झाड बघितलं आणि भावोजींना मिठीच मारली. "बग, तुज्या सहा बाप्यांचा उपेग झाला. ते नसते तं हिला फल कुटून धरनार होतं?" भावोजींनी मान अशी ताठ केली, जणू हे सगळं आधीच योजून केलं होतं. बर्फी खाता खाता ताईने मात्र माझ्याही मनात होतं ते विचारलं. "पण अहो, ही सासूबाईंच्या झाडासारखी आंबट नाही निघाली तर?" मला वाटलं, यांचा चेहरा पडेल. इतकी वर्षं त्याच एका चवीसाठी तर चाललं होतं. भावोजींनी बर्फीचा तुकडा तोंडात टाकला, जरा विचार केला आणि म्हणाले, "मुलगी आहे. आजीची झेरॉक्स थोडीच निघणार? जशी निघेल तशी आपली."

शेवटच्या रविवारी, एप्रिलच्या सुरुवातीला, झाडाला हिरवे रातांबे लागले होते. मी एक तोडायला हात नेला तर माझ्या हातावर चापट बसली. "लाल होऊ दे. मग पहिला तुझ्या बहिणीला. आईच्या झाडाची चव तिच्याइतकी कुणाला कळणार?" दुसऱ्या सकाळी ताईचा फोन आला.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम सोसायटीच्या हॉलमध्ये झाला. भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, मुलांनी फोटोसमोर मेणबत्त्या लावल्या, आणि दुःख सांगायला उभा राहिलेला प्रत्येक माणूस हटकून कुठल्या तरी लिफ्टची गोष्ट सांगून सगळ्यांना हसवून खाली बसला. खालच्या मजल्यावरच्या साडीवाल्या बाई तेवढ्या सबंध वेळ रडल्या.

मागच्या आठवड्यात रातांबे लाल झाले. घरतशेटनी फोन केला, "ताई, पोरगी वाट बगते. या." ताई, तिचे दोघे मुलगे, घरतशेट आणि मी, असे आम्ही पाच जण फाटकातून आत गेलो. 'क्षमता : ४ व्यक्ती' वाचून धाकटा हळूच म्हणाला, "ओव्हरलोड," आणि आम्ही सगळेच हसलो. सहा बाप्ये हिरवेगार उभे होते, खालची खाट तशीच होती. ताईने एक रातांबा स्वतः तोडला, दोन्ही अंगठ्यांनी फोडला आणि साखर न भरता तसाच तोंडात टाकला. आम्ही चौघं तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिचे डोळे मिटले. मला वाटलं, आहे! तीच चव आहे! पण डोळे लगेच उघडले. तिने पुन्हा एकदा चाखून बघितलं, सावकाश.

"आईंच्या झाडाचा नाही," ती म्हणाली. "तो दातांना झोंबायचा. हा आंबट आहे, पण मागून गोडी येतेय." मग तिचा चेहरा उजळत गेला आणि ती म्हणाली, "ही ह्यांच्यावर गेलीय."

घरतशेट तोंड फिरवून फाटकाकडे बघायला लागले. मुलं पिशवी उघडून फळं काढायला लागली, सोसायटीला सरबत द्यायचं होतं. ताई झाडाजवळ सरकली, रातांब्याने लाल झालेला हात पदराला पुसला आणि तळहात खोडावर ठेवला. "काय जेवलीस गं?" तिने विचारलं. मुलांची पिशवी भरली, आम्ही निघायची तयारी केली, तरी तिने हात काढला नव्हता.